कवडीची बांग

साळूबाईच्या परसात कोंबडा नव्हता. हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्या दिवशी तांबडे फुटता फुटता तिच्या परसातून बांग ऐकू आली, तेव्हा मी अंथरुणातून ताडकन उठलो. बांगही नेहमीची नव्हती. सुरुवात दमदार, मधे घोगरी, आणि शेवट असा की बिनतेलाचा रहाट फिरून थांबावा.

मागचे दार उघडून पाहतो तर साळूबाई खुराड्यापुढे उकिडवी बसलेली, आणि तिने आपल्या म्हाताऱ्या कोंबडीची चोच दोन बोटांत घट्ट धरलेली. मला पाहून ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी काई ऐकलं न्हाई."

मी म्हणालो, ऐकले.

"मंग ऐकलेलं इसरा. जल्दी."

ही निजामाच्या राजवटीतली, चाळीस सालाच्या आसपासची गोष्ट. व्यापारी हिशेबाचे शिक्षण संपवून मी जालन्याहून मंठ्याला एका कापसाच्या अडतीवर कामाला लागलो होतो आणि साळूबाईच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. आमचे घराणे कारकुनी पेशाचे. घरात अंडे म्हणून कधी आले नाही. खोली देतानाच साळूबाईने मला बजावले होते, की कोंबड्यांचा त्रास होणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे तुम्हाला दुसरी खोली बघता येईल.

साळूबाई साठीच्या घरातली, उंच, काटक बाई. नवऱ्यामागे शेत पुतण्या वाट्याने करायचा. ज्वारी-तूर तिकडून यायची, आणि मीठ-मिरचीपुरते कोंबड्यांवर भागायचे. तिचा आवाज तीन परसे ओलांडून जाई. कोणाशी भांडण निघाले तर ती आधी हातातले काम संपवायची, मग पदर खोचून भांडायला यायची. म्हणजे भांडण अर्धे टाकून उठावे लागू नये. माणसांशी ती अशी होती. पण कवडीशी बोलताना हा आवाज कुठे जाई कोण जाणे.

कवडी म्हणजे तीच म्हातारी कोंबडी. पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून हे नाव. साळूबाईचा नवरा असतानाच ती घरात आलेली, आणि गल्लीतल्या अर्ध्याअधिक कोंबड्या तिच्या लेकी-नाती. अंडी बंद होऊन कितीतरी पावसाळे झाले होते. एका डोळ्यावर सारा, म्हणजे पांढरा पडदा आलेला. खुराड्याच्या फळीवर चढता येईना, म्हणून साळूबाईने तिच्यासाठी जमिनीवर राखेचे अंथरूण करून वर डालगे ठेवले होते. ज्वारीच्या कण्या भिजवून, बोटाने चेपून ती तिला भरवी. थंडीत करडीचे तेल कोमट करून पायांना चोळी. चालणे कमी झाल्याने नख्या वाढून वाकड्या झाल्या, तेव्हा तिने कडूबा न्हाव्याला बोलावले आणि त्याच्या नराणीने त्या कापून घेतल्या. कडूबा सबंध वेळ कुरकुरत होता, की बापजाद्यांनी पाटील-देशमुखांच्या दाढ्या केल्या आणि माझ्या नशिबी हे आले.

लोक विचारायचे, इतके कशाला करतेस, कालवण कर आणि मोकळी हो. साळूबाईचे उत्तर ठरलेले होते. "मालक बी हेच म्हनायचे. अंडी बंद झाली की कालवण करू म्हनले. अंडी बंद झाली, पन मालकच आधी गेले. आता ही जाईल तवा आपल्या आपन जाईल. हिच्या मानंला सुरी लागायची न्हाई. जिनं मला इतकी वर्सं पोसलं तिला मी काय म्हनून कापू?"

त्या पावसाळ्यानंतर कवडीत एक फरक पडला होता. तिचा फिकुटलेला तुरा पुन्हा लाल व्हायला लागला. मान ताठ झाली. साळूबाई हरखून गेली. तिची खात्री झाली, की तेल आणि कण्या लागू पडल्या, कवडी तरणी होत चालली. हे तिने गल्लीभर सांगितलेही. फक्त कडूबाने नख्या कापताना कवडीच्या पायाला मागून फुटलेला काटा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "साळूमावशे, हिला आता मिशा बी फुटतील. तवा बोलाव मला." ती थट्टा म्हणून दोघेही हसली होती.

आणि आता कवडीने बांग दिली होती.

आमच्या गल्लीत रिवाज असा होता, की कोंबडी आरवली तर ते त्या घराला आणि शेजारालाही वंगाळ. त्याच दिवशी ती गावच्या शिवेवरच्या म्हसोबाच्या दगडापाशी नेऊन मारायची. मालकाने नाही, शेजाऱ्याने मारायची, आणि कोणी खायची नाही. तोवर त्या घराला कोणी विस्तव द्यायचा नाही, विरजण द्यायचे नाही, मीठ द्यायचे नाही. अडाणीपणा म्हणून मी हसलो असतो. पण भिंतीपलीकडच्या रखमाजीच्या घरी पुढच्या आठवड्यात लग्न होते, आणि रखमाजी हसण्याच्या मनःस्थितीत असणे शक्य नव्हते.

रखमाजी भला माणूस. शेती नेकीने करणारा, बोलायला मोजका. त्याची धाकटी लेक नंदाबाई धावड्याला द्यायची ठरली होती. आधी एक सोयरीक अक्षता वाटल्यावर मोडलेली, म्हणून घरात सगळे जपून पाऊल टाकत होते. मांजर आडवे गेले तरी रखमाजी परत फिरून पाणी पिऊन निघायचा.

उजाडल्याबरोबर त्याने भिंतीवरून डोके काढले आणि विचारले, की वहिनी, तुमच्याकडे काय आरवले. साळूबाईने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, "कोंबडा आनला भावजी. काल. नंदीच्या लग्नात घर भरलेलं दिसावं म्हनून."

रखमाजीचा चेहरा खुलला. बरे झाले म्हणून तो गेला. आता कोंबडा आणणे भाग होते.

त्या दिवशी नेमका बाजार होता. दुपारी मी अडतीवरून सुटलो आणि पाहतो तर कोंबड्यांच्या ओळीत साळूबाई कचरू नावाच्या विकणाऱ्याशी झुंजत होती. एकेक कोंबडा उचलून, पंख पसरून, छाती दाबून ती बघत होती आणि परत ठेवत होती. कचरू वैतागून म्हणाला, "मावशे, कोंबडा घेऊन राह्यली का जावई?"

"जावई असता तर इतका बघितला नसता," साळूबाई म्हणाली. "ह्याची बांग ऐकव."

"भर दुपारी, पाय बांधलेले असताना कोन बांग देतं? घेऊन जा. ह्यानं बांग दिली की अख्खा मंठा उठून बसंल. न्हाई उठला तर कचरूचं नाव बदल."

कोंबडा होता मात्र देखणा. तांबडा, शेपटीवर हिरवी झाक, जवान. साळूबाईने घेतला, आणि घेतल्यावर तिच्या लक्षात आले की आता हा घरी कसा न्यायचा. काल आणलेला कोंबडा आज हातात धरून गल्लीतून जाता येत नव्हते. तिने आजूबाजूला पाहिले आणि तिला मी दिसलो. माझ्या हातात परटाकडून आणलेल्या कपड्यांचे गाठोडे होते.

पुढचे सांगताना आजही मला घाम फुटतो आणि हसूही येते. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कोंबडीला हात लावला नाही, असा मी, धुतलेल्या धोतरांत जिवंत कोंबडा गुंडाळून मंठ्याच्या भर बाजारातून चाललो होतो. कोंबडा आधी गप्प होता. गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि समोरून रखमाजी. लग्नाला यायचेच, असे तो मला आग्रहाने सांगू लागला. मांडव कुठे, वऱ्हाड कोणत्या मोटारीने येणार, सगळे सविस्तर. मी माना डोलावत उभा. आणि रखमाजी बोलता बोलता थांबला.

"मुनीमजी, तुमचं गाठोडं हलून राह्यलं."

मी म्हणालो, वारा आहे.

पानसुद्धा हलत नव्हते. रखमाजीने झाडाकडे पाहिले, गाठोड्याकडे पाहिले, आणि काही न बोलता बाजूला झाला. पण तो वळून वळून पाहत गेला.

कोंबडा परसात सोडला. तो रुबाबात फिरला, दाणे टिपले, कोंबड्यांवर छाप पाडली. आम्ही दोघे दुसऱ्या पहाटेची वाट बघत राहिलो. पहाट झाली. कवडीने डालग्याखालून आपली ती घोगरी बांग दिली. कोंबडा भिंतीवर उभा राहून नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याला बांग येतच नव्हती. साळूबाईने त्याला लसूण चारला, मिरी चारली, त्याच्यापुढे उभी राहून स्वतः आरवून दाखवले. त्याने एक डोळा वाकडा करून तिच्याकडे पाहिले आणि राखेत लोळायला गेला.

"कचऱ्याचं नाव बदलाया पायजे," ती चिडून म्हणाली.

आता ती कवडीला पहाटे घरात आणून, काळोख्या कोनाड्यात डालग्यावर गोधडी टाकून ठेवू लागली. उजेड दिसला नाही तर आरवणार नाही, असा तिचा होरा होता. एक दिवस तो खरा ठरला. पण तोवर रखमाजीच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या होत्या. एक, भिंतीवर कोंबडा उभा असताना बांग खालून येते. दोन, ते गाठोडे. त्याच्या घरून सांजेला साळूबाईकडे विरजण यायचे, ते आले नाही. साळूबाई वाटी घेऊन भिंतीशी गेली, तर रखमाजीची बायको खाली मान घालून म्हणाली, की आज दूधच कमी आहे. शेजारी दोन म्हशी उभ्या होत्या.

मांडवाच्या आदल्या दिवशी रखमाजी स्वतः आला. भांडायला नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "वहिनी, उद्या पहाटं मी चार मानसं घेऊन येतो. तुमच्या कोंबड्यानं आमच्यासमोर बांग दिली, तर मी तुमच्या पाया पडंल. न्हाई दिली, तर कवडी माझ्या हवाली करा. माझ्या पोरीचं एकदा मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं तर ती हिरीत उडी घालंल."

नंदाबाईला साळूबाईनेच लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते. रखमाजी गेल्यावर ती कवडीला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी सुचवले, की कवडीला जालन्याला माझ्या घरी, मस्तगडला पोचवून देऊ. माझ्या आईने काय केले असते, हा विचार मी मुद्दाम केला नाही. साळूबाई म्हणाली, मोटारीच्या धक्क्यात ती वाटेतच जाईल, आणि परक्या गावात जाईल. ते काही खरे नाही.

माघाची थंडी होती. पहाटे रखमाजी आला, बरोबर गल्लीतले चौघे जण घोंगड्या पांघरून. भिंतीपलीकडे बायका जमल्या, नंदाबाईही हळदीच्या हातांनी उभी. आणि सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, रखमाजीची आई तुळजाबाई आली. तिचे वय तिलाच माहीत नव्हते. तिला कोणी बोलावले नव्हते, पण गल्लीतला रिवाज कसा चालवायचा हे शेवटी तिलाच विचारत, त्यामुळे तिला अडवणार कोण? ती खुराड्याजवळच्या दगडावर बसली.

कवडी घरात, गोधडीखाली. कोंबडा खुराड्यावर. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. मी मागच्या दारात उभा होतो. पूर्वेला उजळले. दूरच्या कुठल्या तरी घराचा कोंबडा आरवला, मग आणखी एक. आमच्या कोंबड्याने मान वर केली. लोक पुढे सरसावले. त्याने पंख झटकले, आणि पुन्हा मान खाली घातली. कोणीतरी खोकले. साळूबाईचे ओठ हलत होते. ती देवाला विनवीत होती की कोंबड्याला शिव्या देत होती, ते कळत नव्हते.

तेवढ्यात घरातून, गोधडी-डालगे सगळे भेदून, कवडीने बांग दिली. आजवरची सगळ्यांत मोठी.

आणि ती ऐकून खुराड्यावरचा कोंबडा थरथरला, पायाच्या बोटांवर उंच झाला, आणि जन्मात पहिल्यांदा असा कडाडून आरवला की पुढे बसलेला एक जण मागे कलंडला. आतून कवडीने उत्तर दिले. बाहेरून कोंबड्याने तिला उत्तर दिले. दोघांची जुंपली. कचरूचा शब्द खरा झाला. अख्खा मंठा नाही, पण आमची गल्ली तरी सबंध उठून बसली.

रखमाजी उभा राहिला. "बाहेरचा कळला. आत कोन हाय?"

साळूबाई आत गेली, कवडीला घेऊन आली आणि मधोमध उभी राहिली. आता लपवायचे काही उरले नव्हते, आणि तिचा आवाज परत आला होता. "ही हाय. हीच आरवती. मी खोटं बोलले. पन मी हिला देनार न्हाई. हिचे थोडके दिस राह्यलेत. ते माझ्या दारात काढू द्या. तुमाला भ्याव वाटत असंल तर मी हिला घेऊन आत्ताच्या आत्ता गाव सोडून जाते, लगीन उरकल्यावर येते. पन शिवंवर न्हाई."

मग तुळजाबाईने काठीने जमिनीवर ठोकले. "साळे, आन तिला इकडं."

साळूबाई दचकली. पण तुळजाबाईला नाही म्हणता येत नव्हते. तिने कवडीला म्हातारीच्या मांडीवर ठेवले. तुळजाबाईने तिचा तुरा चाचपला. पंखाखाली हात घातला. पोटाखाली दाबून पाहिले. मग पायाचा तो काटा अंगठ्याने दाबला. रखमाजी उतावीळ होऊन म्हणाला, माय, काय ते बोल.

"काय बोलू? ही कोंबडी कुटं हाय?" तुळजाबाई म्हणाली. "अंडं देनारीनं बांग दिली तर वंगाळ. हिचं अंडं, खुडूक, पिल्लं, समदं सरलं. आता ही कोंबडी बी न्हाई अन कोंबडा बी न्हाई. म्हातारी हाय."

"पन रिवाज..."

"रिवाज मला नको शिकवू. तुझा बाप गेल्यावर पंचांत कोन बसलं? तुझ्या बहिनींच्या सोयरिकी कोनी जमवल्या? मी. माझ्या हनुवटीला केस आले ते तुला दिसतात. माझा आवाज ऐक कसा झाला. तुझ्या बापाच्या आवाजात मी बोलून राह्यले, तवा मला बी शिवंवर नेऊन ठिवतो का?"

आधी कोणालाच हसायचे धाडस होईना. मग भिंतीपलीकडून नंदाबाई म्हणाली, "आबा, आजीला घरात घेऊन चला, गारठा लई हाय," आणि तिचा आवाज हसू दाबताना फाटला. मग बायका हसल्या, मग घोंगड्या हसल्या. रखमाजीने दोन्ही हातांनी तोंड पुसले. तो शब्दाला जागणारा माणूस. कोंबड्याने समोर बांग दिली होती. त्यामुळे तो वाकून साळूबाईच्या पाया पडायला गेला, आणि तिने त्याचे खांदे धरून त्याला अर्ध्यावरच उठवले. तास-दोन तासांनी भिंतीवर विरजणाची वाटी आली. वाटीत निम्म्याहून जास्त दहीच होते.

लग्नाला धावड्याचे वऱ्हाड आले ते रखमाजीच्या परसात उतरले. लग्नाच्या पहाटे नवऱ्याचे चुलते काकासाहेब दात घासत भिंतीशी उभे होते. कवडी आरवली, पाठोपाठ कोंबडा. काकासाहेबांनी काडी तोंडातून काढली आणि विचारले, की हा पहिला कोंबडा कुठला, याचा गळा असा कसा. मी इकडच्या बाजूला होतो. साळूबाईने माझा दंड घट्ट धरला.

रखमाजी शांतपणे म्हणाला, "शेजारचा हाय. म्हातारा झाला बिचारा. पन बांग चुकवत न्हाई." आणि पाव्हण्यांच्या आंघोळीच्या पाण्याला जाळ घालायला वाकला. साळूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती खाली बसली. तिचे सबंध अंग हलत होते.

लग्न धूमधडाक्यात लागले. नंदाबाई सासरी जाताना साळूबाईच्या गळ्यात पडली, मग परसात जाऊन तिने कवडीपुढे मूठभर दाणे टाकले. कवडीने तिच्याकडे चांगल्या डोळ्याने पाहिले आणि दाणे जिथल्या तिथे राहू दिले. तिचे लाड साळूबाईच्या भिजवलेल्या कण्यांवर झाले होते. सुके दाणे तिला नको होते.

त्यानंतर कवडी फार दिवस राहिली नाही. बांग हळूहळू आखूड होत गेली. एखाद्या पहाटे ती चोच उघडायची आणि आवाजच निघायचा नाही. मग भिंतीवरचा कोंबडा तिच्याकडे वळून दोनदा आरवायचा. साळूबाई म्हणायची, हिची बी तोच देऊन राह्यला. तिने कवडीचे अंथरूण राखेवरून काढून उन्हाच्या तुकड्यावर आणले, आणि ऊन सरके तसे ती गोणपाट सरकवत राही. कडूबा आता न बोलावता येऊन नख्या बघून जायचा. कुरकुर मात्र तेवढीच. तुळजाबाई रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक मारून विचारायची, म्हातारी काय म्हणते. साळूबाई तिथूनच सगळे सांगायची. पाणी प्याली, डोळा उघडला, पंख हलवला. दुसऱ्या घरी आजारी माणसाची खबर द्यावी तशी.

ती गेली त्या दिवशी अडतीला सुटी होती म्हणून मी घरीच होतो. थंडी संपून दुपारचे ऊन चांगले लागत होते. साळूबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती. कवडीने एक पंख हळूच पसरला, उन्हात धरल्यासारखा, आणि तो परत मिटला नाही. साळूबाईने वाकून तिच्या चोचीशी कान नेला. मग बोटाने तिच्या डोळ्यांवरची कातडी ओढून घेतली. मला वाटले, ही आता रडेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतेच. पण ती उभी राहिली, कवडीला दोन्ही हातांवर उचलून भिंतीपाशी गेली, आणि तीन परसे ओलांडणाऱ्या त्या आवाजात, शर्यत जिंकून आल्यासारखी ओरडली, "तुळजामाय, गेली बघा! आपल्या आपन गेली!"

पलीकडे काठीचा आवाज झाला. तुळजाबाई भिंतीपर्यंत आली. तिने वरून हात घालून कवडीच्या पाठीवर ठेवला. अंग अजून गरम होते.

"सकाळी खाल्लं व्हतं का?"

"खाल्लं व्हतं. दोन बोटं कण्या."

"मंग बराबर," तुळजाबाई म्हणाली, आणि रखमाजीला कुदळ आणायला सांगितले.